चीनमध्ये नोकरी करताना चिनी नाव घ्यावं का?

पुदोंगकर (धागाकर्ता)

चीनमधल्या कंपनीत रुजू झालं की पहिल्या आठवड्यातच एचआरकडून विचारणा होते, "तुमचं चिनी नाव काय?" बरेच जण हौसेनं घेतात. माझं मत: घेऊ नये. हौस असेल तर गप्पांपुरतं ठेवा, कागदावर मुळीच नको.

तिथला सगळा कारभार जुळणीवर चालतो. पासपोर्टवरचं नाव, बँकेतलं नाव आणि सिमकार्ड ज्या नावावर आहे ते नाव, ही तिन्ही जुळली की अलीपे किंवा वीचॅट या पैसे भरायच्या ॲपवर ओळखपडताळणी सुरळीत होते. मधली एखादी स्पेस इकडची तिकडे झाली तरी गाडं अडू शकतं. त्यात आपलं मराठी दुखणं वेगळं. पासपोर्टवर एका रकान्यात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं. समजा, सचिन रमेश पाटील. बँकेतला कारकून 'पाटील सचिन रमेश' असं टाइप करतो, मोबाइलच्या दुकानात 'सचिनरमेशपाटील' असं सलग घालतात आणि एचआर वडिलांचं नाव चक्क गाळते. झाली तीन माणसं! त्यात चिनी नावाचं चौथं कशाला?

भाडेकरार फक्त चिनी नावाने केला तर पहिल्याच दिवशी पंचाईत. खासगी घरात राहायला गेल्यावर २४ तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. २०१३पासून लागू असलेल्या कायद्यात ती चुकवली तर २,००० युआनपर्यंत दंड आहे. चौकीतला माणूस करारावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतो आणि करार परत करतो. मग घरमालकाला शोधा, नवा करार छापा.

छंगतूवासी

साफ असहमत. तुम्ही सांगितलेला घोळ रोमन नावाचा आहे, चिनी नावाचा नाही. चिनी नाव न घेतल्याने तो सुटत नाही.

आता कामाच्या जागेचं बघा. चिनी ऑफिसात नुसत्या नावाने हाक मारणं अवघडल्यासारखं होतं. आडनावाला पद जोडतात. इंजिनिअर असेल तर 'ली कुंग', वरिष्ठ असेल तर 'वांग चुंग', बरोबरीचा जुना सहकारी 'लाओ चांग', वयाने लहान असेल तर 'श्याओ चांग'. आपल्याकडचं 'पाटीलसाहेब' किंवा 'जोशीबुवा' तसंच हे. ज्याला चिनी आडनावच नाही त्याला काय म्हणायचं, हे समोरच्याला सुचत नाही. मग तो टाळतो. मीटिंगमध्ये तुमच्याकडे येणारा प्रश्न शेजारच्याला जातो, कारण शेजाऱ्याला हाक मारता येते.

आणि मराठी माणसाने तरी या नावाला परकं म्हणू नये. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन, हे अक्षर आहे. कोटणीसांचं नाव ख तीह्वा. शिच्याच्वांगच्या स्मशानभूमीतल्या त्यांच्या स्मारकापाशी आजही लोक फुलं वाहतात, ती याच नावाला.

पुदोंगकर

कोटणीसांबद्दल आदर आहेच. पण १९४२ साली ते गेले तेव्हा त्यांना बँकेचं ॲप उघडायचं नव्हतं.

ध्वनिवेडा

वाद चालू द्या, पण घ्यायचंच असेल तर नीट घ्या. बहुतेकांची नावं इथेच बिघडतात.

चिनी अक्षर म्हणजे एक सिलॅबल, एका दमात म्हटलेला आवाजाचा तुकडा, आणि तिचा शेवट स्वर, न किंवा ङ यांवरच होतो, अधूनमधून र. जोडाक्षर नाही, व नाही. म्हणून 'विक्रम'चं होतं 'वेइ-ख-ला-मू'. चांद्रयानाच्या विक्रमला चिनी बातम्यांत असंच लिहितात. अशी चार-पाच अक्षरी, आवाजावरून बेतलेली नावं कोणी हाक मारायला वापरत नाही. हाकेसाठी एक अक्षर आडनावाचं, एक किंवा दोन नावाची, एवढंच हवं. आडनाव तिथे खरोखर चालणारं घ्या: जोशींना 'छ्याओ', गोखल्यांना 'काओ', लेल्यांना 'लेइ', मान्यांना 'मा', काळे-कदमांना कोटणीसांचंच 'ख'. पाटलांना 'फान' जमतं. मग निवडलेलं नाव दोन स्थानिक माणसांना मोठ्याने वाचायला लावा. सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि विनोदी जुळणी आपल्या कानाला कळत नाही.

एक गंमत. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत, वाचताना इंग्रजी विसरून मराठी कान लावा. तिथे बी म्हणजे प, पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला जुना फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जे म्हणजे 'चहा'तला च आणि झेड म्हणजे 'चोर'मधला दंत्य च! हिंदी-इंग्रजीवाल्यांना तो घोटून शिकावा लागतो, आपल्याला फुकट मिळाला आहे. शी जिनपिंग हे नाव आपण रोमनवरून उचललं. तिथला उच्चार शी चिन्-फिंगच्या जवळ जातो. उलट मोदींचं नाव तिकडे आपल्या कानाला 'मोती' असं ऐकू येतं.

निंगपोचा हिशेबनीस

दोघंही अर्धे बरोबर. आडनावाचा हट्ट ऑफिसात ठीक आहे, पण नोकरीचा करार, पगारखातं आणि कर या तिन्हींत चिनी नाव एकटं कधीही येऊ देऊ नका. करारावर पासपोर्टप्रमाणे रोमन नाव, पासपोर्ट क्रमांक, आणि हवं तर शेवटी 'चिनी नाव अमुक'. सही पासपोर्टवरच्यासारखीच.

कराचा वार्षिक हिशेब १ मार्च ते ३० जून या काळात ॲपवर होतो. परतावा निघाला तर तो ज्याच्या नावाने कर भरला त्याच्याच नावाच्या खात्यात येतो. एचआरने करखात्याकडे वडिलांचं नाव गाळून नोंद केली असेल, तर नोंद दुरुस्त होईपर्यंत पैसे अडकू शकतात.

खरी परीक्षा मात्र पासपोर्ट बदलल्यावर. नंबर बदलला की सगळ्या जोडण्या सुटतात, आणि क्रम चुकला की हेलपाटे. आधी निवास परवाना आणि वर्क परमिट. परवान्यातला तपशील बदलल्यापासून १० दिवसांत अर्ज करायचा असतो. मग बँक, मग सिमकार्ड, आणि अलीपे-वीचॅट सर्वांत शेवटी, कारण ती बँकेची नोंद तपासतात. रद्द झालेला जुना पासपोर्ट टाकू नका, बँकेला दोन्ही समोर लागतात. नावाचे दोन अवतार आधीच कुठे नोंदले गेले असतील, तर 'ही एकच व्यक्ती' असं प्रमाणपत्र वकिलातीतून करून घ्या. इथे पुदोंगकरांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

छंगतूवासी

मान्य. पण रोजचा दिवस काही बँकेत जात नाही.

नुसती वाचक

रोजच्या दिवसात नाव लागतं तरी कुठे? कुरियरच्या कपाटातून पार्सल काढायला मोबाइलवर आलेला कोड चालतो. जेवण आणणारा फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो. तिथे पत्त्यावर 'चहा' असं नाव घातलं तरी पार्सल येतं. सरकारी दवाखान्यात मात्र पासपोर्टवरच केस निघते आणि फलकावर नाव मधल्या अक्षरांऐवजी फुल्या टाकून येतं. पुकारा ऐकत बसलात तर पाळी जाते. चिठ्ठीवरचा नंबर बघा. तिथे ना 'फान' उपयोगाचा, ना 'पाटील'.

पुदोंगकर

मग तडजोड म्हणून एवढं मानतो: ऑफिसच्या ओळखपत्रावर, वीचॅटच्या ऑफिसगटात आणि बिझनेस कार्डावर चिनी नाव लावा. बाकी सगळीकडे पासपोर्टच्या खालच्या बाजूला बाणासारख्या खुणांनी जोडलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यातलं नाव. बँकेत आणि सिमच्या दुकानात नाव टाइप होत असताना स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि 'पक्कं करा'चं बटण दाबायच्या आधी त्याचा फोटो काढा. पुढच्या काउंटरवर तोच फोटो दाखवा आणि स्पेससकट तसंच घालायला सांगा.

छंगतूवासी

हे चालेल. फक्त बिझनेस कार्डावर 'ख' छापताना रोमन के छापा. जी छापलात तर तो 'क' होतो, आणि आडनावही दुसरंच.