लेन्स अर्ध्यात अडकलीय. परभणी-नांदेडकडं कॉम्पॅक्ट कॅमेरा उघडणारं कुणी आहे का?

बारववेडा, सेलू

राम राम मंडळी. २०१२ साली घेतलेला खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे, १२ पट झूमचा. वालूरच्या चक्राकार बारवेत फोटो काढायलो होतो, वारं सुटलं, माती उडाली. तेव्हापासून चालू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, कट्-कट् वाजते अन् तिथंच अडकते. पडद्यावर 'लेन्स एरर'. बॅटरी पूर्ण चार्ज केली, कार्ड बदललं, फरक शून्य.

परभणीत एका दुकानात नेला. त्यानं हातातही न घेता सांगितलं, "गुरुजी, टाका भंगारात, चांगला मोबाइल घ्या." मोबाइल आहे हो माझ्याकडं! पण बारवेत समोरच्या देवकोष्ठातली (भिंतीतल्या कोनाड्यातली) मूर्ती टिपायची तर मधे पाणी असतं. मोबाइलचा झूम ताणला की मूर्तीचं पीठ होतं. चारठाण्याच्या, धारासूरच्या जुन्या देवळांचं वरच्या थरांतलं कोरीवकाम मला याच डबीनं दाखवलं. नवीन घ्यावा तर या आकाराचे कॅमेरे आता मोजकेच निघतात, अन् भाचा म्हणतो कॉलेजातल्या पोरांत जुन्या डिजिटलची फॅशन आलीय, म्हणून जुनेही महागलेत.

दुरुस्त होतो का नाही, तेवढं सांगा. 'बघू, करू' ऐकून झालंय.

लग्नसराई, लातूर

गुरुजी, आधी प्ले बटण दाबून धरा. बरेच कॅमेरे त्यानं लेन्स न काढताच चालू होतात. जुने फोटो दिसले तर बोर्ड, स्क्रीन ठीक, दुखणं लेन्सचं.

तोंडानं फुंकू नका, वाफ आत जाते. डब्यातल्या हवेचा फवारा तर नकोच, माती आणखी खोल जाईल. लेन्सचं तोंड जमिनीकडं करून रबरी ब्लोअर मारा. मग लेन्स बाहेर असतानाच बॅटरी काढा आणि कागदाची बारीक पट्टी नळ्यांच्या फटीतून गोल फिरवा. तेलबिल सोडू नका. आपल्या काळ्या मातीत तेल घातलं की चिखलच.

उगंच_एक

चार स्क्रू तर असतात. यूट्यूब लावा अन् उघडा घरीच.

नांदेडचा मेकॅनिक

चार नसतात, अन् सगळे एका लांबीचेही नसतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला की बोर्डात घुसला. त्याहून मोठी भानगड फ्लॅशची. त्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो, बॅटरी काढली तरी लगेच रिकामा होत नाही. माझ्याकडं शिकायला आलेल्या पोरानं त्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. पोरगं दणका खाऊन वाचलं, बोर्ड गेला. गुरुजी, तुम्ही उघडू नका.

आत काय होतं ते सांगतो. नळ्या एकात एक बसलेल्या असतात. त्यांच्या खुंट्या तिरप्या खाचांतून सरकतात, मोटर प्लास्टिकच्या गिअरवर त्यांना फिरवते. नळी ठरल्या जागी पोचली नाही की कॅमेरा स्वतःच काम थांबवतो, नाहीतर गिअरचे दात जातील. खाचेत एवढासा खडा पुरतो. तुमच्या लेन्सचा आवाज येतोय, म्हणजे मोटर जिवंत आहे. हे बरं लक्षण. अजिबात हलली नसती तर मोटर नाहीतर तिला वीज नेणारी फ्लेक्स पट्टी बघावी लागली असती.

एक विचारतो, राग मानू नका. पडला होता का? नळी समोरून वाकडी दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

बारववेडा, सेलू

पडला नाही, नळी सरळ आहे. प्ले बटणावर फोटो दिसले! पट्टी फिरवली तर वाळूचे कण निघाले. आता लेन्स पूर्ण उघडते, पण झूम निम्म्यापुढं नेला की तोच कट्-कट् अन् तोच एरर. म्हणजे जिथं मला गरज तिथंच रुसायलाय. भाच्याला याच मॉडेलचा स्क्रीन फुटलेला कॅमेरा मिळायलाय, मालक आठशे म्हणतो. घेऊ का?

नांदेडचा मेकॅनिक

चालू करून झूम शेवटपर्यंत जातो का हे भाच्यानं स्वतः बघितलं तरच. अन् मॉडेलचा नंबर शेवटच्या आकड्यासकट जुळायला पाहिजे. आधी तुमचीच लेन्स खोलून साफ करू. गिअरचा दात गेला असेल तरच त्या दुसऱ्या कॅमेऱ्याची अख्खी लेन्स उचलून बसवू. मात्र लेन्स बदलली की दूरचा फोकस कधी कधी थोडा हलतो. तो सॉफ्टवेअरनं जुळवतात, अन् ते कंपनीकडंच असतं. म्हणून अदलाबदलीची घाई नको.

देवगिरी एक्स्प्रेसनं या, सकाळी नांदेडात उतराल. दोन्ही कॅमेरे, चार्जर आणा. कार्ड घरी ठेवून या.

लग्नसराई, लातूर

मामा, माझ्या एका कॅमेऱ्याच्या फोटोत जांभळे पट्टे यायलेत, तो पण पाठवू का?

नांदेडचा मेकॅनिक

सेन्सर गेलाय दादा. त्यात पैसे घालू नका. गुरुजींना लागला तर स्क्रूंसाठी द्या.