पिकअपच्या मागच्या एअरबॅगसाठी कंप्रेसर किती मोठा घ्यावा?

रानवाटा (डेन्व्हर, कोलोरॅडो)

माझ्याकडे फोर्ड एफ-१५० आहे. आठवडाभर ती रिकामीच धावते, पण उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की सुमारे ६,००० पौंडांचा ट्रेलर जोडून आम्ही डोंगरात मुक्कामाला जातो. ट्रेलर जोडल्यावर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढचा उचलला जातो आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्यांच्या थेट डोळ्यांवर पडतो. म्हणून मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) जोडीला एअरबॅग, म्हणजे हवा भरून गाडी उचलून धरणाऱ्या रबरी बॅगा, बसवण्याचे ठरवले आहे. अडले आहे ते हवेच्या व्यवस्थेवर. टायरला असतो तशा व्हॉल्व्हमधून बाहेरून हवा भरावी, छोटा कंप्रेसर (हवा दाबून भरणारा विजेचा पंप) गाडीवरच बसवून केबिनमधून दाब बदलावा, की मोठ्या कंप्रेसरसोबत दाबलेली हवा साठवणारी अडीच गॅलनची टाकीही घ्यावी? दुकानदाराचा आग्रह टाकीचा आहे. शिवाय दोन्ही बॅगांना मिळून एकच नळी पुरेल का?

पानापकड

एअरबॅगसाठी टाकीची गरज नाही, हे साध्या हिशेबानेही पटेल. एका बॅगेत तीन लिटर हवा मावते असे धरू. तिचा दाब ३० पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंड) ६० वर न्यायला बाहेरची सुमारे सहा लिटर हवा आत ढकलावी लागते. दोन्ही बॅगांना मिळून बारा. मिनिटाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटर हवा देणारा लहान कंप्रेसर हे काम अर्ध्या मिनिटात करतो, आणि वाढत्या दाबाबरोबर त्याची क्षमता घटते हे लक्षात घेतले तरी मिनिटभरात आटोपते. मिनिटभर थांबायचे नाही म्हणून गाडीखालची जागा टाकीला द्यावी, हे मला पटत नाही.

नळ्या मात्र स्वतंत्रच घ्याव्यात. दोन्ही बॅगा एका नळीने जोडल्या तर वळणावर दाबल्या जाणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला सरकते, आणि नेमका जिथे आधार हवा तिथेच तो कमी पडून गाडी अधिक कलते. पाण्याची टाकी किंवा जनरेटर एका बाजूला ठेवला असेल तर दोन्हीकडे वेगळा दाब ठेवता येणे हाही फायदाच आहे.

तुमचा वापर पाहता छोटा कंप्रेसर आणि केबिनमध्ये दोन काट्यांचे मापक एवढे पुरे. गाडी रिकामी असतानाही दाब शून्यावर नेऊ नका; बहुतेक बॅगांना किमान ५ पीएसआय लागतो, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटते. वरची मर्यादा सहसा १०० पीएसआय असते, पण तुम्हाला तिच्या जवळपासही जावे लागू नये.

उत्तररंग (मिनेसोटा)

हिशेब मान्य आहे, पण कंप्रेसर कुठे आणि कसा बसवता यावरच त्याचे आयुष्य ठरते. आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे चेसीखाली उघडा बसवलेला कंप्रेसर लवकर गंजतो. तो शक्य तितका उंच, सायलेन्सरपासून दूर बसवावा आणि हवा आत घेणारी गाळणी नळीने कोरड्या जागी आणावी. दाबलेल्या हवेतले पाणी नळीत साचते आणि थंडीत गोठून व्हॉल्व्ह अडकवते, म्हणून पाणी वेगळे करणारा छोटा सापळा लावणे इष्ट.

कंप्रेसरसोबत येणारी जाळीदार नळी काढून तिथे थेट प्लॅस्टिकची नळी लावू नये, कारण बाहेर पडणारी हवा चांगलीच तापलेली असते. विजेची तार रिलेमधून (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमधून) घ्यावी आणि फ्यूज बॅटरीलगत बसवावा. प्लॅस्टिकची नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. पकडीने चिरडून कापलेले टोक जोडात नीट बसत नाही आणि बहुतेक गळती तिथूनच सुरू होते. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

रानवाटा

दोघांचेही आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. कच्च्या रस्त्यावर मी टायरचा दाब ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवतो आणि डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरतो. मग तरी टाकी उपयोगी पडेल ना?

पानापकड

कंप्रेसरची निवड याने बदलते, टाकीची गरज मात्र तरीही सिद्ध होत नाही. तुमच्या टायरमध्ये साधारण ७० लिटर हवा मावते असे मानले, तर १५ पीएसआय वाढवायला तितकीच, सुमारे ७० लिटर बाहेरची हवा लागते आणि चार टायरना २८०. अडीच गॅलनची टाकी १४५ वरून ११० पीएसआयपर्यंत उतरताना जेमतेम २२ लिटर देते. एका टायरचाही तिसरा हिस्सा त्यात भरला, उरलेले सगळे कंप्रेसरलाच करायचे आहे.

तेव्हा टाकीचे पैसे कंप्रेसरवर घाला, आणि घेताना तो सलग किती वेळ चालू शकतो ते आधी पाहा. १०० पीएसआयला ३३ टक्के असे लिहिले असेल तर त्या दाबाला दहा मिनिटे चालल्यावर त्याला वीस मिनिटे विश्रांती द्यावी लागते. तुमच्या चार टायरना दहा-बारा मिनिटे लागतील. टायरचा दाब कमी असल्याने थोडी सवलत मिळते, तरीही १०० टक्के लिहिलेला घेतला तर चिंता नको. टाकी घ्यावी ती हवेचा मोठा हॉर्न किंवा हवेवर चालणारी अवजारे वापरणाऱ्यांनी.

उत्तररंग

ट्रेलरबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. एअरबॅगने गाडीची उंची सुधारते, पण मागच्या आसावरचे वजन उचलून पुढच्या चाकांवर जात नाही. ते काम वजन विभागणाऱ्या हिचचे, म्हणजे दांड्यांच्या ताणाने भार पुढे ढकलणाऱ्या ट्रेलरच्या जोडणीचे. ६,००० पौंडांच्या ट्रेलरचे गाडीच्या हिचवर पडणारे वजन ६०० ते ९०० पौंड असते. आधी बॅगा किमान दाबावर ठेवून हिचच्या दांड्या जुळवाव्यात आणि नंतर उरलेला बसका भागच हवेने उचलावा. उलट क्रमाने गेल्यास गाडी सपाट दिसते, पण पुढची चाके हलकीच राहतात आणि घाटात स्टिअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेली वजनाची मर्यादाही एअरबॅगने वाढत नाही, तेव्हा एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन दोन्ही आसांचे वजन वेगवेगळे पाहून घ्या.