कॅनडातला मुलगा एनबीएपर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो?

मध्यरेषा

एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०२५ च्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स हे संघ सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. दोन्ही संघांत मिळून चार कॅनेडियन खेळाडू महत्त्वाच्या भूमिकेत होते: थंडरकडून शेय गिल्जस-अलेक्झांडर आणि लुगेंट्झ डॉर्ट, तर पेसर्सकडून अँड्र्यू नेम्बहार्ड आणि बेनेडिक्ट मॅथुरिन. मालिका संपल्यावर या चौघांच्या शाळा-महाविद्यालयांची माहिती वाचत गेलो आणि गोंधळ वाढतच गेला, कारण एकाचा प्रवास दुसऱ्याशी जुळत नाही. कोणी टेनेसीत शिकला, कोणी फ्लोरिडात, कोणी थेट मेक्सिको सिटीत, आणि एकाला तर ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडप्रक्रियेत) कोणीच निवडले नाही.

आइस हॉकीमध्ये कॅनडातच कनिष्ठ लीगची भक्कम रचना आहे आणि तिथूनच व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात, एवढे मला ठाऊक आहे. बास्केटबॉलमध्ये तशी एखादी ठरलेली शिडी आहे का? पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून अमेरिकेत जाणे अपरिहार्य आहे का, आणि असल्यास ते चांगल्या प्रशिक्षणासाठी की केवळ निवड करणाऱ्यांच्या नजरेत येण्यासाठी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

परिघाबाहेर

आपल्या प्रश्नाचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. प्रशिक्षण आणि नजरेत येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि कॅनडाच्या बाबतीत अनेक वर्षे खरी अडचण दुसरी होती.

स्टीव्ह नॅश हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरिया शहरात वाढलेल्या या मुलासाठी त्याच्या शालेय प्रशिक्षकांनी तीसहून अधिक अमेरिकी विद्यापीठांना पत्रे पाठवली, आणि शिष्यवृत्ती देऊ केली ती फक्त कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या तुलनेने लहान विद्यापीठाने. १९९३ मध्ये त्याच सांता क्लाराने अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पंधरावे मानांकन असताना दुसऱ्या मानांकित ॲरिझोनाला हरवले, १९९६ मध्ये फिनिक्स सन्सने नॅशला पंधराव्या क्रमांकावर निवडले आणि पुढे २००५ व २००६ अशी सलग दोन वर्षे तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे खेळ होता, पण तो पाहणारे कोणी नव्हते.

ती परिस्थिती बदलली ती वसंत-उन्हाळ्यातील क्लब स्पर्धांमुळे. ऑन्टारिओत शालेय मोसम साधारण नोव्हेंबरपासून मार्चमधील प्रांतीय अजिंक्यपद स्पर्धेपर्यंत चालतो आणि शाळेचे संघ बहुतेक ठिकाणी शिक्षकच, शिकवण्याचे काम सांभाळून, वेगळ्या मोबदल्याशिवाय चालवतात. त्यांच्याबद्दल आदर बाळगूनही हे मान्य करावे लागते की अमेरिकी विद्यापीठांचे प्रशिक्षक हॅमिल्टनच्या एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत सहसा येत नाहीत. ते जातात उन्हाळी क्लब स्पर्धांना, जिथे एकाच सभागृहात अनेक सामने एकाच वेळी चालू असतात आणि एका दिवसात शेकडो मुले पाहून होतात. ब्रॅम्प्टनच्या परिसरातील सीआयए बाउन्स या क्लबने नायकेच्या राष्ट्रीय युवा मालिकेत संघ उतरवला आणि त्यातून अँड्र्यू विगिन्स व अँथनी बेनेट यांच्यासारखी मुले अमेरिकी विद्यापीठांसमोर आली. २०१३ मध्ये बेनेट आणि २०१४ मध्ये विगिन्स, असे सलग दोन वर्षे ड्राफ्टमधील पहिले नाव कॅनेडियन होते.

(या साऱ्याचे श्रेय टोरंटो रॅप्टर्स हा एनबीए संघ आणि त्याचा तेव्हाचा तारा व्हिन्स कार्टर यांना देण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. टोरंटोच्याच शाळेतून आलेला जमाल मॅग्लोर २००० मध्येच ड्राफ्टमध्ये निवडला गेला, त्या वेळी कार्टरला टोरंटोत येऊन दोनच मोसम झाले होते. टोरंटो आणि आसपासच्या शहरांत स्थायिक झालेल्या कॅरिबियन कुटुंबांतून मोठ्या संख्येने खेळाडू आले, आणि ते केवळ दूरचित्रवाणीवर कार्टरचे डंक (उडी मारून चेंडू थेट जाळीत ठोसणे) पाहून झालेले नाही.)

आता गिल्जस-अलेक्झांडरचा प्रवास पाहू. जन्म टोरंटोचा, बालपण हॅमिल्टनचे. आई १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अँटिग्वा आणि बार्बुडाकडून धावली होती. नववीत त्याला शाळेच्या ज्युनियर संघात जागा मिळाली नाही. क्लब पातळीवर तो यूप्ले कॅनडाकडून खेळला आणि २०१५ मध्ये चुलतभाऊ निकील अलेक्झांडर-वॉकर याच्यासोबत टेनेसीतील चॅटनूगा येथे शिकायला गेला. तिथे दोन वर्षे राहून त्याने केंटकी विद्यापीठ गाठले. मोसमाच्या सुरुवातीला तिथेही तो राखीव खेळाडूंत बसत असे, परंतु २०१८ च्या मार्चमध्ये तोच विभागीय स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी शार्लटने त्याला अकराव्या क्रमांकावर निवडून लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे सोपवले, आणि क्लिपर्सने एका मोसमानंतर पॉल जॉर्जच्या बदल्यात त्याला ओक्लाहोमाला दिले.

त्यानंतरच्या काळाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. २०२०-२१ मध्ये थंडरने ७२ पैकी फक्त २२ सामने जिंकले, पुढच्या वर्षी ८२ पैकी २४. हरणाऱ्या संघात चेंडू सतत त्याच्या हाती राहिला, चुका करायला मोकळीक मिळाली आणि त्यातूनच तो घडला. २०२४-२५ मध्ये त्याच संघाने ६८ सामने जिंकले, त्याची सरासरी ३२.७ गुणांची होती, आणि मोसमातील तसेच अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचे दोन्ही मान त्याच्याकडे आले.

तेव्हा घर सोडण्यामागचे मुख्य कारण नजरेत येणे हेच होते, असे माझे मत आहे. रोज दोन वेळा सराव आणि देशभर प्रवास करून तगड्या संघांशी सामने हा प्रेप शाळांचा (मुलांना विद्यापीठीय खेळासाठी तयार करणाऱ्या शाळांचा) लाभ खरा असला, तरी तो दुय्यम आहे.

बचावफळी

परिघाबाहेर यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. जी मुले नजरेत येऊनही निवडली गेली नाहीत, त्यांचे काय?

डॉर्ट मॉन्ट्रियल-नॉर भागातला. अमेरिकेतील शाळा आणि ऑन्टारिओतील ऑरेंजव्हिलजवळची ॲथलीट इन्स्टिट्यूट ही प्रेप संस्था असा प्रवास करून तो ॲरिझोना स्टेटमध्ये एक वर्ष खेळला. त्याला पाहिले सर्वांनी, तरी २०१९ च्या ड्राफ्टच्या दोन्ही फेऱ्यांत त्याचे नाव पुकारले गेले नाही. थंडरने त्याला टू-वे करार दिला. या करारात खेळाडूला नवख्या खेळाडूच्या किमान वेतनाच्या निम्मे मिळते, मोसमातील ठरावीक सामन्यांनाच त्याला एनबीए संघासोबत मैदानात उतरता येते आणि उरलेला काळ तो जी लीग या विकास लीगमध्ये घालवतो. अशा कराराने आलेला हा खेळाडू २०२० च्या प्लेऑफमध्ये (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनला रोखण्यासाठी उभा राहिला आणि २०२५ मध्ये लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या मानाच्या संघात निवडला गेला. त्याच्या बाबतीत जे कामी आले ते एकच कौशल्य होते: समोरच्या सर्वोत्तम खेळाडूला सामनाभर त्रास देण्याची तयारी. ते उन्हाळी स्पर्धांच्या गर्दीत फारसे दिसत नाही.

ख्रिस बुशेची गोष्ट तर याहून वेगळी. जन्म सेंट लुसियाचा, वाढला मॉन्ट्रियलमध्ये, किशोरवयाच्या अखेरीस एका उपाहारगृहात भांडी घासण्याचे आणि स्वयंपाकाचे काम करत होता. २०१२ मध्ये एका स्पर्धेत त्याच्याकडे प्रशिक्षकांचे लक्ष गेले, मग क्युबेकमधील अल्मा येथील अकादमी, न्यू मेक्सिको आणि वायोमिंगमधील दोन वर्षांची महाविद्यालये, आणि शेवटी ऑरेगॉन विद्यापीठ. तिथे गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही. तरीही २०१८-१९ मध्ये मिसिसॉगाच्या रॅप्टर्स ९०५ संघाकडून खेळताना तो जी लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही ठरला आणि त्याच वर्षी अजिंक्य रॅप्टर्स संघातही होता.

मॅथुरिन मेक्सिको सिटीतील एनबीए अकादमीतून ॲरिझोना विद्यापीठात आणि तिथून २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर गेला. नेम्बहार्ड फ्लोरिडातील माँटव्हर्ड अकादमी, मग फ्लोरिडा विद्यापीठात दोन व गॉन्झागात दोन अशी चार वर्षे शिकून त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, एकतिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. एक वर्ष खेळून बाहेर पडणाऱ्यांचीच चर्चा होते, पण चार वर्षे शांतपणे गार्डचे (चेंडू हाताळून खेळ रचणाऱ्याचे) काम शिकलेला हा मुलगा एनबीएत आला तेव्हा बराचसा तयार होता. मला स्वतःला ही वाट अधिक भरवशाची वाटते.

आणखी एक बाब. जमाल मरे किचनरचा, तो अमेरिकी शाळेत गेलाच नाही. ऑरेंजव्हिलहून थेट केंटकीला गेला, २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावर डेन्व्हरने घेतला, २०२३ मध्ये विजेता झाला. ऑन्टारिओत प्रेप शाळांची स्वतंत्र लीग २०१५ पासून चालू आहे. त्यामुळे "घर सोडणे अपरिहार्य" हे आता तितकेसे खरे राहिलेले नाही.

मध्यरेषा

दोघांचेही आभार. पण आपण सांगितलेले सर्वजण अखेरीस अमेरिकी विद्यापीठातूनच गेले. जो मुलगा कॅनडातल्याच विद्यापीठात शिकला, त्याच्यासाठी व्यावसायिक बास्केटबॉलचे दार बंद होते का?

तिसऱ्या तिमाहीत

एनबीएचे दार जवळजवळ बंद, व्यावसायिक बास्केटबॉलचे नाही. या दोन गोष्टी एकच मानल्या जातात आणि त्यामुळे बऱ्याच चांगल्या खेळाडूंवर अन्याय होतो.

ओटावातील कार्लटन विद्यापीठाने २००३ ते २०२३ या काळात पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा सतरा वेळा जिंकली. तिथले फिलिप आणि थॉमस स्क्रब हे भाऊ पदवीनंतर युरोपात व्यावसायिक म्हणून खेळले, आणि २०२३ च्या विश्वचषकात कॅनडाने अमेरिकेला जादा वेळेत १२७-११८ असे हरवून कांस्यपदक मिळवले त्या संघात दोघेही होते. त्या सामन्यात डिलन ब्रूक्सने ३९ गुण केले म्हणून मथळे त्याच्या नावाचे झाले, ते योग्यच आहे. पण विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्या नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतही होतात, तेव्हा एनबीएतले खेळाडू आपापल्या संघांत अडकलेले असतात. त्या थंडीत देशाला पात्र ठरवण्याचे काम स्क्रब बंधूंसारख्या युरोपातल्या मंडळींनी केले, हे फारसे कोणी लिहीत नाही.

२०१९ पासून कॅनेडियन एलिट बास्केटबॉल लीग ही व्यावसायिक लीग सुरू आहे. ती उन्हाळ्यात चालते. यामुळे युरोपातला मोसम संपवून आलेला खेळाडू घरी राहून आणखी काही महिने कमावू शकतो. शिवाय कॅनेडियन विद्यापीठांतील खेळाडूंसाठी तिथे वेगळा वार्षिक ड्राफ्ट होतो आणि त्यात निवडलेला विद्यार्थी उन्हाळ्यात व्यावसायिकांसोबत सराव व सामने खेळून शरद ऋतूत पुन्हा आपल्या विद्यापीठाच्या संघात परततो.

पैशाचा फरक मात्र मोठा आहे. कॅनेडियन विद्यापीठ खेळाडूला देऊ शकते ती मदत शिक्षण शुल्क आणि अनिवार्य शुल्काच्या पलीकडे जाऊ शकत नाही. विद्यापीठीय खेळाच्या पहिल्या श्रेणीतील (डिव्हिजन वन) अमेरिकी विद्यापीठाच्या पूर्ण शिष्यवृत्तीत राहणे-जेवणही येते. ज्या घरात मुलाचे शिक्षणच या खेळावर अवलंबून आहे, तिथे सीमेपलीकडे जाण्याचे कारण एनबीएचे स्वप्न नसून हा हिशेब असतो.

परिघाबाहेर

बचावफळी यांचा मरेविषयीचा मुद्दा मान्य. तरी एक सांगतो: ऑरेंजव्हिलची संस्थासुद्धा अमेरिकी प्रेप शाळांशी सामने खेळूनच नावारूपाला आली. घर जवळ राहिले, पण पाहणारे डोळे अमेरिकेचेच होते.

बचावफळी

डोळे अमेरिकेचे असले तरी मूल आठवड्याच्या शेवटी घरी जेवू शकते, हा फरक पालकांना विचारा.

कागदपत्रे पूर्ण

वरच्या चर्चेत एक रुक्ष विषय राहिला, तो नोंदवतो. अमेरिकी पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी माध्यमिक शाळेत ठरावीक सोळा मूलभूत विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यांची मोजणी नववीपासून सुरू होते. क्युबेकमध्ये माध्यमिक शिक्षण अकरावीलाच संपते आणि पुढे सेजेप (विद्यापीठाआधीचे महाविद्यालय) असते, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला हे गणित अधिक लवकर मांडावे लागते. दुसरे असे की २०२१ पासून अमेरिकी विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली, परंतु विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्या कॅनेडियन खेळाडूला अमेरिकेत काम करण्यावर निर्बंध आहेत, म्हणून संघातल्या अमेरिकी मित्राला सहज मिळणारा जाहिरातीचा करार त्याच्यासाठी कायदेशीर गुंतागुंतीचा ठरतो.

एनबीएच्या वयोमर्यादेचा उल्लेखही कोणी केला नाही. २००६ च्या ड्राफ्टपासून उमेदवाराने त्या वर्षात एकोणीस पूर्ण केलेले असावे लागते, शिवाय माध्यमिक शाळा संपून त्याला एक वर्ष झालेले असावे लागते. मूळचा दक्षिण सुदानी-ऑस्ट्रेलियन थॉन मेकर ऑरेंजव्हिलमध्ये शिकत असताना हीच अट शाळेतल्या अतिरिक्त वर्षाने पूर्ण करून २०१६ मध्ये विद्यापीठात न जाताच दहाव्या क्रमांकावर मिलवॉकीकडे गेला होता.

आणि मुलींचा मार्ग याहून सरळ आहे, त्यावर वेगळा धागा काढावा. हॅमिल्टनचीच किया नर्स कनेक्टिकट विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकून २०१८ मध्ये दहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क लिबर्टी या महिला व्यावसायिक संघाकडे गेली. शाळेतून थेट विद्यापीठ, मधे कोणतीही प्रेप शाळा नाही.