रीलच्या कोपऱ्यात ‘सौजन्य’, ‘सहयोग’ की ‘जाहिरात’?

प्रश्न : शाळा-कॉलेजातली मुलं बघतात त्या मराठी रीलमध्ये पैसे घेऊन फेसवॉश, इअरबड दाखवले जातात. कोपऱ्यात कधी ‘सौजन्य’, कधी ‘सहयोग’, कधी ‘प्रायोजित’. नेमका शब्द कोणता?

– ‘सौजन्य’ बाद. छायाचित्राखाली ठीक आहे, इथे कंपनीने उपकार केल्यासारखं वाटतं. ‘पुरस्कृत’ तर आणखी घोळाचा. ‘पक्षपुरस्कृत अपक्ष’ म्हणजे पक्षाचा पाठिंबा असलेला, हे बातम्या वाचणाऱ्याला कळतं. चौदा वर्षांचं पोर ‘पुरस्कृत फेसवॉश’ म्हणजे बक्षीस मिळालेला फेसवॉश समजणार.

– ‘सहयोग’ जाहिरातींच्या नियमात बसतो, पण मराठीत त्याचा अर्थ हातभार. पैसा कुणाकडून कुणाकडे गेला, ते त्यातून कळतच नाही. ‘कोलॅब’ही तसाच, दोन गायकांनी मिळून गाणं केलं तरी मुलं कोलॅबच म्हणतात.

– ‘प्रायोजित’ सरसकट टाकू नका. प्रायोजकाचा पैसा असतो, कार्यक्रम मात्र वेगळा असतो. गडावरच्या भटकंतीची रील आणि खर्च बॅगवाल्याचा, तर ‘प्रायोजित’. सगळी रीलच बॅगेचं कौतुक असेल तर ती सरळ ‘जाहिरात’. ‘जाहीर’ मूळचा अरबी, अर्थ उघड. उघडपणे सांगायच्या गोष्टीला याहून चपखल शब्द नाही.

– शब्द बरोबर असूनही जागा चुकते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या (ॲस्की) २०२१च्या नियमावलीनुसार सूचना इंग्रजीत किंवा जाहिरातीच्याच भाषेत हवी. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती किमान ३ सेकंद दिसावी; त्याहून मोठ्या, पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण वेळेच्या एक तृतीयांश. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलमध्ये १५ सेकंद. रीलखालच्या मजकुरात ती वरच, सहज दिसेल अशी हवी. हॅशटॅगांच्या गर्दीत कोंबलेली चालत नाही. पैसे न घेता वस्तू फुकट मिळाली असेल तरी सांगावं लागतं. तिथे नुसतं ‘भेट’ लिहिलं की वाढदिवसाची वाटते. ‘मोफत मिळालेली वस्तू’ लिहा.

प्रश्न : मुलं बोलताना ‘ॲड’च म्हणतात. कोपऱ्यात मावतोही. तोच का नको?

– चालेल, फक्त पुढे टिंब देऊन नाव लिहू नका. ‘ॲड.’ आणि लगेच रीलवाल्याचं नाव, म्हणजे तो वकील झाला.