शब्दचर्चा : 'पित्त झालं' म्हणजे नक्की काय झालं?

आमच्याकडे जेवणानंतर छातीत जळजळलं तरी पित्त झालं, सकाळी डोकं धरून ओकारी आली तरी पित्त झालं आणि अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठलं. या तिन्हींत पित्त आहे कुठे? आणि ॲसिडिटी म्हणजे हेच का?

— जळजळीत तरी बहुतेक वेळा नाही. पित्त यकृतात तयार होतं, हिरवट पिवळं, कडूजहर, पित्ताशयात साठतं आणि तेलतूप पचवायला लहान आतड्यात उतरतं. जळतं ते जठरातलं ॲसिड. आता जठराला आतून चिकट अस्तर असतं म्हणून त्याला या ॲसिडचं काही वाटत नाही, अन्ननलिकेला तसं नसतं, आणि दोघांच्या मधे जो स्नायू झडपेसारखा मिटतो तो ढिला पडला की झालं, आंबट पाणी वर. तट्ट जेवण, तळलेलं, दारू, सिगरेट, कॉफी, सुटलेलं पोट, गरोदरपण (हार्मोन्समुळे झडप सैल आणि खालून बाळाचा दाब), सगळ्याचा परिणाम तिथेच. म्हणजे पुष्कळदा ॲसिड वाढलेलं नसतंच, नको तिथे पोचलेलं असतं. 'ॲसिडिटी वाढली' यापेक्षा आपलं 'घशाशी येतंय' जास्त अचूक आहे, डॉक्टरांना तेच सांगावं.

— थोडं थांबा, आयुर्वेदातलं पित्त म्हणजे यकृतातला रस एवढंच नाही हो, तो वात-पित्त-कफ या तिघांतला एक दोष आहे. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात अम्लपित्तावर वेगळं प्रकरण आहे, त्यात ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार, ऊर्ध्वग म्हणजे वर येणारं, अधोग म्हणजे खाली जाणारं. तेव्हा आजी चुकीचं बोलत नव्हती, शब्द एक आणि शास्त्रं दोन.

— डोकेदुखी आणि ओकारीवालं 'पित्त' बऱ्याचदा मायग्रेन असतं. पण पोट रिकामं झाल्यावरही उमासे येत राहिले की शेवटी जे कडू हिरवं पाणी पडतं ते मात्र खरोखरचं पित्त, तिथे शब्द शंभर टक्के बरोबर!
गांधी म्हणजे हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाचा खेळ, आपण आमसुलाचं पाणी चोळतो त्या. गंमत अशी की जठरात ॲसिड सुटायलाही हिस्टामिन लागतं, फॅमोटिडिनसारख्या गोळ्या तिथेच अडवतात.

— करपट ढेकर आणि आंबट ढेकर यात फरक करता का तुम्ही लोक? आमच्यात करपट म्हणजे अपचन, सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी आठवतं ते. घशाशी आंबट आलं तर करपट म्हणत नाही.

— हो, आमच्यातही तसंच. एक मात्र, जळजळ समजून सोडा पीत बसू नका जर घाम सुटलाय, धाप लागलीय, दुखणं जबड्यात नाहीतर हातात उतरतंय. ते हृदयाचं असू शकतं, सरळ हॉस्पिटल गाठा.

— वामकुक्षी राहिली की! वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर जठराची पिशवी अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते, उजवीकडे वळलात की उलटं होतं आणि ॲसिड तोंडाशी येऊन बसतं.

— मग दुपारी जेवून झोपायला हरकत नाही तर :)

— आहे हरकत. झोपायचंच तर डावी कूस बरी, पण जेवणानंतर दोन-तीन तास आडवं न होणं त्याहून बरं, आणि रविवारचं मटण खाऊन चार तास उताणं घोरणं याला वामकुक्षी म्हणू नये.