माँट्रेसॉरचा राग नेमका कशाचा?

कलमवाला : देवगडजवळ आमची आंब्याची बाग. पावसात हाताला काम नसतं, म्हणून पुतणीच्या कॉलेजच्या पुस्तकातली एडगर ॲलन पोची ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (अमाँटिलाडो म्हणजे एक दारू) वाचली. गोष्ट १८४६ची. कार्निव्हलमध्ये झिंगलेल्या फॉर्च्युनाटोला माँट्रेसॉर दारू चाखायला म्हणून तळघरात नेतो आणि जिवंत भिंतीत चिणतो. पण का? हजार त्रास सोसले म्हणतो, एकही सांगत नाही. शेवटी अपमान झाला म्हणे, तो कोणता? माझं पान सुटलं का?

आणखी एक. हा माणूस मला एवढा नकोसा का झाला ते रात्री कळलं आणि झोप उडाली. तो फॉर्च्युनाटोला ‘चल’ म्हणतच नाही. ‘तू कामात दिसतोस, मी लुकेसीला, त्या दुसऱ्या दारूपारख्याला, विचारतो. तुला खोकला झालाय, खाली ओल आहे, मागे फिरू.’ मागे सारावं तसा फॉर्च्युनाटो पुढे सरतो. बागेच्या वाटपात मी चुलतभावाशी हेच केलं. खाडीकडचा तुकडा त्याच्या गळ्यात मारायचा होता. ‘तुला नाही झेपायचा रे, धाकट्या काकांना विचारतो,’ एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी सही. तिथे उधाणाचं खारं पाणी शिरतं, हे मला ठाऊक होतं.

थापी : माझे वडील गवंडी, त्यामुळे माझं लक्ष भिंतीवरच. कोनाडा तीन फूट रुंद, सहा-सात फूट उंच, थर अकरा. म्हणजे थराला सात इंच, आपला चिरा आडवा टाकल्यासारखाच. ओल्या मसाल्यावर एका रात्रीत अकरा थर? वडील असते तर थापी फेकून मारली असती. पण माँट्रेसॉर थापी अंगरख्याखाली घेऊनच निघालेला असतो. वाटेत फॉर्च्युनाटो ‘तू मेसन?’ विचारतो, म्हणजे त्या नावाच्या गुप्त मंडळीतला; मेसनचा दुसरा अर्थ गवंडी, तेव्हा हा थापी काढून दाखवतोसुद्धा! दगड आणि चुना हाडांच्या ढिगाखाली आधीच तयार. रागात माणूस एवढी तयारी करतो होय?

तिरफळ : माका तर दोघेय सारकेच. दारू पिऊन दुसऱ्याच्या तळघरात जावचा कित्याक?

निवृत्त बाई : पान सुटलेलं नाही. अपमान कोणता ते पोने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. मला तर नोकरांची जागा जास्त बोचते. ‘मी सकाळपर्यंत येणार नाही, घर सोडून हलू नका’ असं बजावतो, कारण पाठ वळली की सगळे जत्रेला पळणार हे त्याला पक्कं माहीत असतं. युक्ती एकच, माणसं वेगळी. शेवटी आतून फॉर्च्युनाटोच्या विदूषकी टोपीची नुसती घुंगरं वाजतात, तेव्हा याला मळमळतं आणि तो दोष देतो तळघराच्या ओलीला. पन्नास वर्षांनी सांगतानाही ओलच. कलमवाले, तुमच्या भावाला हे माहीत आहे का?

कलमवाला : नाही, बाई. गणपतीला घर एकच, आरतीला तो माझ्याच शेजारी उभा असतो. अजून दादा म्हणतो. यंदा त्याची खाडीकडची सात कलमं वाळली. मी म्हटलं, ‘पाऊस जास्त झाला.’

थापीभाऊ, खाडीच्या अंगाला साठेक फूट चिऱ्याचा बांध घातला तर खारं पाणी थांबेल का? चुन्यात की सिमेंटात? चिरे मी आणून टाकतो.