टँकला सातवा नंबर?

कॅसेटवाल्या जुन्या व्हिडिओ गेम्सच्या तुमच्या यादीत मारिओ पहिला, काँट्रा दुसरा, इथवर ठीक. पण ‘तेच तेच आहे’ म्हणून बॅटल सिटी (आपला टँकवाला गेम हो) थेट सातवा? आमच्या मालवणात तो पहिलाच. पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि मारिओत सेव्ह नावाची भानगडच नव्हती. आठव्या वर्ल्डात असताना गेली की पुन्हा श्रीगणेशा. नामकोच्या या १९८५ च्या गेममध्ये मात्र सुरुवातीलाच ३५ पैकी हवी ती स्टेज निवडता येते.

शिवाय कन्स्ट्रक्शन, म्हणजे आपलं मैदान आपणच रचायची सोय! ज्याला वाचवायचं त्या गरुडाभोवती विटांऐवजी पोलादी भिंत बांधायची, म्हणजे धाकट्या भावाने भलतीकडे गोळी झाडली तरी निभावतं. खाऱ्या हवेने कॅसेटच्या पिना काळ्या पडल्या तर फुंकर मारत बसू नका, खोडरबराने हलकेच घासा.